जुन्या सर्व्हरला वाली आहे का?

सप्टेंबर २०२१ च्या मध्यावर अपाची या वेब सर्व्हरचं, म्हणजे वेबसाइटची पानं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं, २.४.४९ हे व्हर्जन आलं. आधीच्या व्हर्जनांमधल्या काही गंभीर त्रुटी त्यात दुरुस्त केल्या होत्या, म्हणून जागरूक मंडळींनी ते लगेच चढवलं. तीन आठवडे होत आले तोच कळलं, की या नव्या व्हर्जनातच एक नवं भगदाड पडलंय. साइटच्या फोल्डरपलीकडच्या फायली बाहेरच्या कुणालाही वाचता येत होत्या, आणि सीजीआय (बाहेरून मागणी आली की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालवायची सोय) चालू असेल तर सर्व्हरवर परस्पर कमांडही चालवता येत होत्या. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं; ती दुरुस्ती अर्धवट निघाली. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आलं, तेव्हा प्रकरण मिटलं. जे २.४.४८ वरच बसून राहिले होते, त्यांना यातलं काहीच बाधलं नाही.

‘चालत्या गाड्याला खीळ घालू नका’ म्हणणाऱ्यांना हा किस्सा फार आवडतो. पण तो अर्धाच सांगितला जातो. २.४.४८ मध्ये प्रॉक्सीच्या, म्हणजे मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या, मॉड्यूलमध्ये वेगळी, तितकीच वाईट त्रुटी होती आणि ती २.४.४९ ने बुजवली होती. पुढे हल्लेखोरांनी तीही वापरली. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची जी यादी ठेवते, तिच्यात ती त्याच वर्षी जाऊन बसली. आणि तिसरी गंमत अशी, की ज्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सर्व्हरने कसं वागायचं ते जिथे लिहिलेलं असतं) ‘मुळापासून सगळ्यांना मनाई, मग हवं तेवढंच उघडं’ हा अपाचीचा मूळ नियम शाबूत होता, ते २.४.४९ वर असूनही वाचले.

म्हणजे ‘कायम लेटेस्ट ठेवा’ आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ ही दोन्ही तयार उत्तरं अपुरी पडतात. दोन्ही नुसत्या आकड्याकडे बघतात. माझ्या मते आकड्याच्या आधी दुसरं विचारायला हवं: या व्हर्जनमध्ये उद्या सकाळी भगदाड सापडलं तर ते बुजवणारं कुणी आहे का? असेल तर कोण, आणि कोणत्या तारखेपर्यंत?

वेब सर्व्हर म्हणजे काय, ते थोडक्यात. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा पलीकडच्या कॉम्प्युटरवर जो प्रोग्रॅम ती मागणी ऐकून पान पाठवतो, तो वेब सर्व्हर: अपाची, एनजिनएक्स, मायक्रोसॉफ्टचा आयआयएस, जावावाल्यांचा टॉमकॅट. तो एकटा कधीच नसतो. त्याच्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम असते, एचटीटीपीएसचं कुलूप सांभाळणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी असते, वर साइटचा प्रोग्रॅम ज्यात लिहिलेला असतो ती पीएचपी किंवा जावा ही भाषा, आणि मागे डेटाबेस. ‘अपाची अपग्रेड करायचाय’ असं कुणी म्हणालं, की यातल्या दोन-तीन गोष्टी तरी हलणार हे धरून चालावं. खरं काम आणि खरा खर्च तिथेच असतो.

आकडा वाचायचा कसा

अपाचीच्या व्हर्जनमध्ये तीन आकडे असतात. शेवटचा बदलला, म्हणजे २.४.४८ चं २.४.४९ झालं, तर घराणं तेच. कॉन्फिग फाइल तशीच चालते, काम काही मिनिटांचं, आणि त्यासाठी मीटिंग बोलावायची गरज नसते. मधला आकडा बदलला, म्हणजे २.२ वरून २.४ वर जायचं असेल, तर घराणंच बदललं. कॉन्फिग ओळीन्ओळ तपासावी लागते. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि मग साध्या अपडेटलाही घाबरून बसतो.

घराण्यांची वयं अशी: १.३ आलं जून १९९८ मध्ये, २.० एप्रिल २००२ मध्ये, २.२ डिसेंबर २००५ मध्ये आणि २.४ फेब्रुवारी २०१२ मध्ये. शेवटच्या दुरुस्त्या १.३ ला फेब्रुवारी २०१० मध्ये मिळाल्या, २.० ला जुलै २०१३ मध्ये, २.२ ला जुलै २०१७ मध्ये. २.४ मात्र अजून चालू आहे. तेव्हा ‘आमचा अपाची २.२ आहे, काही त्रास नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्रास नसेलही, पण मूळ प्रकल्पाकडून त्याला २०१७ नंतर एकही दुरुस्ती मिळालेली नाही. त्याला वाली नाही.

एनजिनएक्सची रीत वेगळी आहे. तिथे मधला आकडा सम असेल तर स्थिर शाखा, विषम असेल तर जिच्यात नवीन काम चालू आहे ती शाखा. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास नवी स्थिर शाखा निघते आणि मागची थांबते. आयआयएसच्या बाबतीत तर निवडच नसते; तो विंडोजबरोबर येतो, विंडोजबरोबर जातो. आयआयएस ६ म्हणजे विंडोज सर्व्हर २००३, आणि त्याचा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपला. मार्च २०१७ मध्ये आयआयएस ६ च्या वेबडॅव्ह (सर्व्हरवरच्या फायली दुरून बदलायची सोय) या भागातलं एक भगदाड जगजाहीर झालं. मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून दुरुस्ती दिली खरी, पण जूनमध्ये. अशा अपवादावर भिस्त ठेवून कुणी सर्व्हर चालवू नये.

मागे राहणं दर वेळी आळसच असतो असं मात्र नाही. अपाची २.० आला तेव्हा पीएचपी वापरणारे बहुतेक लोक कित्येक वर्षं १.३ वरच थांबले, आणि त्यांचं चुकलं नाही. नव्या अपाचीत एका वेळी अनेक धागे (थ्रेड), म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर कामं, चालवायची सोय होती, आणि पीएचपीच्या कितीतरी लायब्ऱ्या त्यासाठी तयार नव्हत्या. पीएचपीवाले स्वतःच सांगत होते की खऱ्या सर्व्हरवर ही जोडी धाग्यांसह चालवू नका. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने तर २००४ मध्ये अपाचीचा परवाना बदलल्यावर नवं घराणं घ्यायलाच नकार दिला आणि जुनं १.३ स्वतः दुरुस्त करत २०१४ पर्यंत चालवलं. पण त्यांच्याकडे सी भाषेतला कोड डोळ्यांत तेल घालून वाचणारी माणसं होती. पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या सर्व्हरला तशी माणसं कुठून मिळणार?

जुना आकडा, ताजी दुरुस्ती

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर अपाची २.४.६ येत असे. हे व्हर्जन मुळात जुलै २०१३ चं. पण रेड हॅटने ते जून २०२४ पर्यंत सांभाळलं. कसं? नवीन व्हर्जनमध्ये एखादी सुरक्षा त्रुटी दुरुस्त झाली की रेड हॅटचे लोक त्या दुरुस्तीपुरता कोड उचलून २.४.६ मध्ये बसवत. आकडा २.४.६ च राही, त्यामागे पॅकेजचा जो लांबलचक क्रमांक असतो तो वाढत जाई. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. डेबियन, उबुंटू, सूसे ही लिनक्सची इतर डिस्ट्रिब्यूशनं, म्हणजे लिनक्स बांधून देणारे, हे सगळे थोड्याफार फरकाने हेच करतात. फायदा उघड आहे: त्रुटी जाते, पण वागणूक बदलत नाही, त्यामुळे तुमची साइट मोडत नाही.

गोंधळ होतो तो ऑडिटच्या वेळी. सरकारी वेबसाइटना सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि खासगी कंपन्याही ग्राहकाच्या आग्रहाखातर ती करून घेतात. ऑडिटरचा स्कॅनर बाहेरून सर्व्हरला विचारतो, ‘तू कोण?’ सर्व्हर म्हणतो, ‘अपाची २.४.६’. स्कॅनर आपल्या यादीत बघून २.४.६ नंतर सापडलेल्या सगळ्या त्रुटी लाल अक्षरांत छापून मोकळा होतो. रिपोर्ट बघून साहेब घाबरतात, आणि एखादा उत्साही मुलगा मूळ साइटवरून ताजा सोर्स कोड उतरवून, हाताने कंपाइल करून बसवतो. रिपोर्ट हिरवा होतो. आणि त्या दिवसापासून त्या सर्व्हरचा सांभाळ करणारं कुणी उरत नाही. कारण हाताने बसवलेला अपाची सिस्टिमच्या नेहमीच्या अपडेटमध्ये येत नाही. दोन वर्षांनी तो मुलगा दुसऱ्या नोकरीत, आणि ‘ताजा’ अपाची जिथे होता तिथेच.

यावर माझं मत ठाम आहे: डिस्ट्रिब्यूशनने सांभाळलेलं जुन्या आकड्याचं पॅकेज हे हाताने बसवलेल्या नव्या आकड्यापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त सुरक्षित असतं. ऑडिटरला उत्तर द्यायचं ते कागद दाखवून. प्रत्येक पॅकेजबरोबर बदलांची नोंदवही असते, तिच्यात कोणत्या सीव्हीई क्रमांकाची (जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा ओळखक्रमांक) त्रुटी कधी दुरुस्त झाली ते लिहिलेलं असतं. रेड हॅट, उबुंटू आणि डेबियन यांच्या साइटवर तो क्रमांक टाकला की तुमच्या पॅकेजची स्थितीही कळते. चांगला ऑडिटर हे मान्य करतो. सर्व्हरला आपला आकडा जाहीर करायचा नाही असंही सांगता येतं. करा खुशाल, त्याने स्कॅनर गप्प होतो, हल्लेखोर मात्र आकडा न विचारताच प्रयत्न करून बघतात.

या युक्तिवादाला एक धार आहे आणि ती उलटीही लागते. रेड हॅटचीच मोफत आवृत्ती असलेल्या सेंटओएस ७ मध्ये तोच २.४.६ होता. ३० जून २०२४ पर्यंत तो व्यवस्थित सांभाळलेला होता. १ जुलैला आकडा तोच, कॉन्फिग तीच, साइटही तशीच चालू. फक्त पुढची दुरुस्ती येणार नव्हती. सेंटओएस ८ चं तर आणखी वाईट झालं: लोक धरून चालले होते २०२९, आणि सपोर्ट थांबला २०२१ च्या अखेरीला. हा बदल सर्व्हरवर कुठे दिसत नाही, दिवा लागत नाही. अपडेटची कमांड दिली की ‘नवीन काही नाही’ असं उत्तर येतं, आणि सगळं ताजं असल्याचा भास होतो.

अपडेट टाकूनही जुनंच चालू राहिल्याचा प्रकार आणखी एके ठिकाणी होतो. ओपनएसएसएलचं नवं पॅकेज बसलं, पण अपाची रीस्टार्टच केला नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जुनी लायब्ररी तशीच राहते, महिनोन्महिने. उबुंटूच्या अलीकडच्या व्हर्जनांमध्ये नीडरीस्टार्ट नावाचं साधन कोणती सेवा रीस्टार्ट करायला हवी ते सांगतं. ते काय म्हणतंय ते न वाचता एंटर दाबत जाऊ नये.

भगदाड तुमच्या वाटेवर आहे का

त्रुटीची बातमी आली म्हणजे तुमचा सर्व्हर धोक्यात आला असं लगेच होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटमधली ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी जाहीर झाली. ती होती एजेपी नावाच्या अंतर्गत जोडणीत, जी ८००९ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते आणि टॉमकॅटच्या पुढे अपाची बसवलेला असेल तरच सहसा लागते. पण मूळ कॉन्फिगमध्ये ती चालूच असे. दुरुस्त्या आल्या ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० मध्ये. टॉमकॅट ६ लाही ही त्रुटी होती, पण त्याला दुरुस्ती नाही, कारण त्याचा सांभाळ आधीच थांबला होता. मात्र ज्यांचं ८००९ पोर्ट बाहेरून बंद होतं, त्यांना विचार करायला सवड मिळाली. लागत नसलेलं मॉड्यूल बंद करणं आणि लागत नसलेलं पोर्ट मिटणं, हे अपग्रेडपेक्षा किती तरी स्वस्त आहे आणि आज दुपारी करता येतं.

जुनं असल्यामुळे वाचल्याची उदाहरणंही आहेत. एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड हे भगदाड ओपनएसएसएलच्या १.०.१ या शाखेत होतं; त्याआधीच्या ०.९.८ मध्ये ते नव्हतंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ चा (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची नवी पद्धत) गैरवापर करून सर्व्हर लोळवणारा ‘रॅपिड रीसेट’ हल्ला गाजला. ज्यांच्या सर्व्हरला एचटीटीपी/२ येतच नव्हतं त्यांना तो लागू नव्हता. पण या नशिबाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ओपनएसएसएल ०.९.८ ला टीएलएस १.२ येत नाही; टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसच्या कुलपामागची पद्धत. कार्ड पेमेंटच्या नियमांनी जुन्या टीएलएसला ३० जून २०१८ ची मुदत दिली होती, आणि २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ ला रजा दिली. हार्टब्लीडमधून वाचलेला सर्व्हर असा सहा वर्षांनी कुणीही हल्ला न करता बाद झाला.

बॅकपोर्टिंगची मर्यादाही इथेच कळते. त्यातून दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी सहसा मिळत नाहीत. टीएलएस १.३ साठी ओपनएसएसएल १.१.१ लागतं, रेड हॅट ७ मध्ये १.०.२ होतं, त्यामुळे त्याच्या अपाचीला शेवटपर्यंत टीएलएस १.३ आलं नाही. तुमचा पेमेंट गेटवे किंवा एखादी सरकारी सेवा उद्या ते मागू लागली, तर कितीही दुरुस्त केलेलं जुनं व्हर्जन कामाचं नाही.

उशीर किती चालतो? २००१ मध्ये आयआयएसच्या त्रुटीची दुरुस्ती १८ जूनला आली आणि १९ जुलैला कोड रेड या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) १४ तासांच्या आत ३,५९,००० कॉम्प्युटर गाठले. तेव्हा एक महिना मिळाला होता. २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्सची दुरुस्ती ७ मार्चला आली, इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीने ती सर्वत्र लावली नाही, आणि मे महिन्यापासून तिथून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. स्ट्रट्स हा वेब सर्व्हर नव्हे, त्याच्यावर चालणारा सांगाडा आहे. पण हल्लेखोर दार कुणाचं आहे ते विचारत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल तर शुक्रवार संध्याकाळ, दिवाळीची सुट्टी वगैरे बघायचं नाही. एरवी मात्र मोठा बदल शुक्रवारी न करण्याची रूढी शहाणपणाची आहे.

मोडणार काय

मोडण्याचे दोन प्रकार असतात: आवाज करून मोडणारं आणि गुपचूप मोडणारं. पहिल्याची भीती बाळगू नका.

अपाची २.२ वरून २.४ वर जाताना कुणाला प्रवेश द्यायचा हे सांगण्याची भाषाच बदलली. आधी ‘ऑर्डर, अलाउ, डिनाय’ अशा ओळी लिहायचे, आता ‘रिक्वायर’ लिहितात. जुन्या ओळी समजून घेणारं मॉड्यूल नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. दोन्ही भाषांची मिसळ असेल तर काही ठिकाणी ‘मनाई’चा ४०३ हा एरर दिसतो. उबुंटूवर तर साइटच्या कॉन्फिग फाइलचं नाव ‘डॉट कॉन्फ’ने संपत नसेल तर ती फाइल वाचलीच जात नाही आणि तुमच्या साइटऐवजी अपाचीचं स्वागताचं पान झळकतं. हे सगळं आवाज करणारं. पाच मिनिटांत कळतं, तासाभरात निस्तरता येतं.

गुपचूप मोडणारं वेगळं. एखाद्या फोल्डरला पासवर्ड लावायला लोक त्यात ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइल ठेवतात. २.२ मध्ये कॉन्फिगमध्ये काही लिहिलं नसेल तर अशा फायली पाळल्या जात, २.४ मध्ये काही लिहिलं नसेल तर पाळल्या जात नाहीत. परिणाम काय? साइट झकास चालते, कुणीही तक्रार करत नाही, आणि पासवर्डमागचं फोल्डर सताड उघडं पडतं. म्हणून अपग्रेडनंतर जे दिसायला हवं ते तपासतात तसं जे दिसायला नको तेही तपासायचं. हे फारच थोडे लोक करतात.

पीएचपीची उडी बहुतेकदा अपाचीपेक्षा महागात पडते. डेटाबेसशी बोलणारी ‘मायएसक्यूएल’ या नावाने सुरू होणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७ मधून, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, काढून टाकली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने बनवून घेतलेल्या कित्येक साइट त्यांच्यावरच उभ्या आहेत. पीएचपी ५.६ चा सपोर्ट २०१८ च्या शेवटी संपला आणि ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यामुळे आता मध्ये थांबायला जागाही नाही.

जावाच्या बाजूला टॉमकॅट ८.५ चा सांभाळ ३१ मार्च २०२४ ला थांबला. जे अजून त्यावर आहेत त्यांना माझा सल्ला सरळ ९ वर जायचा. १० वर जाताना पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झाली आहेत, म्हणजे ॲप्लिकेशनच बदलावं लागतं. ते वेगळं काम आहे, सवडीने करावं.

मराठी अक्षरांचं काय होतं

इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये हा भाग सापडत नाही, कारण त्यांना तो त्रासच नाही.

युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी साइट विशिष्ट फाँटवर चालत. आत साठवलेली असत इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांची चिन्हं. फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. अशा साइट पीएचपीवर असतील, तर पीएचपी ५.६ पासून एक बदल झाला: पान कोणत्या लिपी-संकेतात आहे हे सांगितलं नसेल तर सर्व्हर स्वतःहून ‘यूटीएफ-८’ (युनिकोडचा संकेत) असं सांगू लागला. आणि सर्व्हरने हेडरमध्ये सांगितलेलं ब्राउझर आधी ऐकतो, पानाच्या आत लिहिलेलं नंतर. पाठोपाठ निम्मी अक्षरं जाऊन काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं आली.

युनिकोड मराठीचा घोळ डेटाबेसमध्ये असतो. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत नवीन टेबल काही न सांगता केलं तर ते ‘लॅटिन-१’ या नावाने होई. त्यात आपण यूटीएफ-८ मराठी भरलं. जाताना मजकुरावर संकेताची चुकीची चिठ्ठी, येताना तीच चुकीची चिठ्ठी, त्यामुळे पडद्यावर मराठी बरोबर दिसत राहिलं, वर्षानुवर्षं. मायएसक्यूएल ८ मध्ये न सांगता घेतला जाणारा संकेत ‘यूटीएफ-८ एमबी-४’ झाला. आता येताना चिठ्ठी खरी लागते, आणि मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला युरोपीय ‘ए’ ओळीने दिसू लागतो, त्याच्यामागे कधी चलनाचं गोल चिन्ह तर कधी जपानी येन. हे दिसलं तर घाबरून जाऊ नका. मजकूर शाबूत असतो, नुसती चिठ्ठी चुकलेली असते. पण त्या अवस्थेत कुणी ॲडमिनमध्ये जाऊन लेख उघडून पुन्हा ‘सेव्ह’ केला, तर बिघाड पक्का होतो. तेव्हा डेटाबेस हलवायच्या दिवशी संपादन बंद ठेवायचं, आणि नव्या जागी आधी जोडाक्षरांनी भरलेली दहा-बारा जुनी पानं उघडून बघायची. जुनी बघायची, कारण नवी बहुतेकदा बरोबरच असतात.

करायचं कसं, आणि कधी करायचंच नाही

चालू सर्व्हरवरच नवीन व्हर्जन चढवण्यापेक्षा शेजारी दुसरं मशीन उभं करणं मला नेहमी बरं वाटतं. भाड्याचा सर्व्हर महिनाभर जास्तीचा घेतला तरी मनस्तापाच्या मानाने तो खर्च काहीच नाही. नव्यावर सगळं बसवायचं, आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये साइटच्या नावापुढे नवा पत्ता लिहायचा, म्हणजे जगाला जुनी साइट दिसते आणि तुम्हाला नवी. मन भरेपर्यंत तपासायचं. साइटचं नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणाऱ्या डीएनएसच्या नोंदीची मुदत एक-दोन दिवस आधी कमी करून ठेवायची, मग पत्ता फिरवायचा. बिघडलं तर परत फिरवता येतो. बॅकअप असल्याची खात्री म्हणजे तो एकदा तरी परत चढवून बघितलेला असणं. नुसती फाइल असून भागत नाही.

जुनं मशीन बंद करताना त्याचे लॉग (कोण कधी आलं, काय मागितलं याच्या नोंदी) काढून ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. घुसखोरी बऱ्याचदा अपग्रेड करतानाच लक्षात येते, आणि नेमके तेव्हाच जुने लॉग कुणीतरी पुसलेले असतात.

काही वेळा अपग्रेड न करणंच योग्य. प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण किंवा कारखान्यातलं यंत्र ज्या सर्व्हरवर चालतं, तो बदलला तर यंत्र बनवणारा हात वर करतो. अशा वेळी त्याला इंटरनेटपासून तोडायचं, आणि बाहेरून बघायची गरज असलीच तर त्याच्यापुढे सांभाळलेला एनजिनएक्स किंवा अपाची उभा करून कोणती मागणी आत जाईल ते मोजकं ठरवायचं. पण पुढे नवा सर्व्हर आला म्हणून मागच्या पीएचपीतली भोकं बुजत नाहीत, हे त्यात विसरू नये.

आणि बऱ्याच साइटना तर अपग्रेडची नव्हे, निवृत्तीची गरज असते. २०११ च्या संमेलनाची, जुन्या स्मरणिकेची, संपलेल्या प्रकल्पाची साइट पीएचपी आणि डेटाबेससकट का चालू ठेवायची? तिची साध्या एचटीएमएल पानांची प्रत काढून ठेवली की वाचणाऱ्याला फरक कळत नाही, आणि फोडायला आत काही राहत नाही. छोट्या संस्थांनी तर स्वतःचा सर्व्हर बाळगण्याचा हट्टच सोडावा असं मला वाटतं. होस्टिंगवाल्याकडे जागा घ्या, पण घेताना पीएचपी कोणतं देता आणि ते कधी बदलता हे विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा बघा.

ज्यांचा सर्व्हर आज सांभाळलेला आहे त्यांनी पुढच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाकाव्यात. विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याच्याबरोबरचा आयआयएस १२ जानेवारी २०२७ पर्यंत, विंडोज सर्व्हर २०१९ असेल तर ९ जानेवारी २०२९ पर्यंत. रेड हॅट ८, ज्याचा अपाची २.४.३७ पुढच्या ऑडिटमध्ये नक्की लाल दिसणार आहे, तो ३१ मे २०२९ पर्यंत. रेड हॅट ९ ला मे २०३२ पर्यंत. बजेटमध्ये तरतूद त्याच्या आदल्या वर्षी मागायची, कारण मार्च उलटून गेल्यावर मागितलेले पैसे मिळेपर्यंत तारीख निघून गेलेली असते.